वसंतकाका डोंगरात का जायचे

वसंतकाका गेल्याचा फोन पालघरच्या आमच्या शाळेच्या ऑफिसात आला, तेव्हा मी सातवीच्या वह्या तपासत होते. पलीकडे बाबा होते. "वसंत गेला सकाळी. हार्टचं... पामच्या खोलीवरच. आम्ही दातिवऱ्याला नेतोय, तू परस्पर ये," एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. मी वह्यांचा गठ्ठा नीट रचला, पेनला टोपण लावलं. त्या क्षणी माझ्या मनात जो पहिला विचार आला, तो काकांबद्दलचा नव्हता. तो असा होता : आता ती येईल का?

"ती" कोण, हे आमच्या घरात कोणालाच माहीत नव्हतं. तिला नाव नव्हतं, गाव नव्हतं, चेहरा नव्हता. उत्तरेकडच्या कुठल्याशा डोंगरात ती राहते, एवढंच आम्ही ठरवून टाकलं होतं आणि बारा-तेरा वर्षं त्यावर ठाम होतो. त्या दिवशी दातिवऱ्याच्या घराच्या ओट्यावर बसलेल्या सगळ्या बायका सफाळ्याकडून येणाऱ्या एस.टी.कडे बघत होत्या. गाडी थांबली की रडणं जरा खाली यायचं. बाजारात मासळी विकून परतलेल्या, रिकाम्या टोपल्या घेतलेल्या गावच्याच बायका उतरायच्या आणि रडणं पुन्हा वर जायचं. "आली काय गो कोन?" असं कोणीतरी पदराआडून विचारलेलंही मी ऐकलं. काकी रस्त्याकडे पाठ करून बसली होती. मला वाटलं, तिला बघायचंच नाही. मग लक्षात आलं, समोरच्या कपाटाच्या काचेत तिला पूर्ण रस्ता दिसत होता.

कोणी आलं नाही.

काका म्हणजे माझ्या बाबांचे धाकटे भाऊ. घर मच्छीमारांचं. बाबांनी आय.टी.आय. केलं, तारापूरच्या वीज प्रकल्पात लागले, आम्ही बोईसरच्या कॉलनीत राहायला आलो आणि मला इंग्रजी शाळेत घातलं गेलं. काका अठराव्या वर्षी नौदलात शिरले. त्यात गावाला नवल वाटलं नाही. दर्यावर वाढलेला मुलगा मोठ्या बोटीवर गेला, इतकंच. गोंधळ पुढे झाला. काही वर्षांनी त्यांची निवड हेलिकॉप्टरच्या तुकडीत झाली, आणि ते बोटीवर असतात की आकाशात, हे गावाला धड कळेना. ते पायलट नव्हते. मशीनच्या उघड्या दाराशी, कमरेला पट्टा बांधून बसायचं आणि खाली तारेचा दोर सोडायचा, हे त्यांचं काम. मी चौथीत असताना एका रजेत त्यांनी आमच्या गॅलरीत बसून मला ते समजावलं होतं. काड्यापेटी म्हणजे हेलिकॉप्टर, शिलाईचा दोरा म्हणजे तार आणि खालच्या बादलीतला साबणाचा तुकडा म्हणजे बुडणारा माणूस. "पायलटला पुढचं दिसतं, पोटाखालचं दिसत नाही," ते म्हणाले. "तो माझ्या आवाजावर मशीन चालवतो. मी चुकीचं बोललो की तो चुकीच्या जागी." मग काड्यापेटी सरकवत ते बोलू लागले, "पुढे पाच... चार... तीन... उजवीकडे एक... थांब. स्थिर." साबणाचा तुकडा दोऱ्याच्या फासात आला. आणखीही कामं असतात म्हणाले. जहाजांना टपालाच्या पिशव्या पोचवायच्या, हरवलेल्या होड्या शोधायच्या, आणि लपलेली पाणबुडी ओळखायला पाण्यात "कान" सोडून ऐकत राहायचं. हा पाण्यात सोडलेला कान मला फार आवडला होता. मी तो वर्गात सांगितला, तर कोणी विश्वास ठेवला नाही.

ते मोजणं त्यांच्या अंगात भिनलं होतं. बाबांची स्कूटर जिन्याखाली लावतानाही ते मागे उभे राहून "मागे दोन... एक... स्थिर" करायचे. काकी हसून बेजार. तेव्हा ती हसायची. "माज्या डोक्यावर हंडा हाय तरी ह्यो मना सांगतो, डावीकडं दोन! आरे, पन्नास येळा गेलीय मी या वाटंनं."

मी सातवीत असताना, मे महिन्यात, काका गावी आले आणि म्हणाले की त्यांना डोंगरातल्या उड्डाणाच्या प्रशिक्षणाला पाठवतायत. दुसऱ्या दलाच्या तुकडीबरोबर, उत्तरेला, दोन महिने. बोंबील सुकवायच्या काठ्यांजवळ संध्याकाळी चार म्हातारे बसले होते, त्यांच्यात हे बोलणं झालं. एक जण लगेच म्हणाला, "नेवीवाल्याचं डोंगरात काय काम रे? थय काय जाळं टाकनार हाय?" सगळे हसले. काका चिडले नाहीत. त्यांनी सांगितलं, जहाज कुठल्या किनाऱ्याला लागेल सांगता येत नाही, किनाऱ्यामागे डोंगर असतातच, आणि दरड कोसळली, पूर आला की कोण कुठल्या दलाचा हे कोणी बघत नाही. मग त्यांनी डोंगरातली हवा सांगितली. खाली दर्यावर हवा जाड, पंखा तिच्यावर रेलून राहतो. वर ती पातळ, रेलायला गेलं की निसटते. खाली पाच-सहा माणसं सहज उचलणारं मशीन वर दोघांतच धापा टाकतं. म्हणून तिथे सगळं वजन करून घ्यायचं, बुटासकट माणूसही काट्यावर. आणि वारा. डोंगराच्या एका अंगानं तो वर चढतो आणि मशीनला उचलून धरतो. माथा ओलांडला की तोच खाली कोसळतो आणि मशीनलाही सोबत नेतो. म्हातारे हसायचे थांबले होते. "म्हंजी वैतरनेच्या तोंडावानी," त्यातला एक म्हणाला. "भरती नि वारा समोरासमोर आला का होडी वर जाते का खाली, सांगता येत नाय."

"तसंच. फक्त दिसत नाय."

"मंग करता काय?"

"उतरायच्या आदी पळायची वाट ठरवायची. वाट नसंल तर उतरायचं नाय."

काकी काठीवरचे बोंबील काढत होती. ती मागे न वळता म्हणाली, "आयकला काय? ह्याला पळायची वाट आदी लागते." पुन्हा सगळे हसले. काकाही हसले. त्या हसण्याचा मी पुढे कितीदा तरी पुरावा म्हणून वापर केला.

प्रशिक्षणाहून ते परतले, ते ठरल्यापेक्षा महिनाभर उशिरा. मी त्या वेळी दातिवऱ्यालाच होते. काकीनं त्यांची पिशवी उघडली आणि एकेक कपडा नाकाशी धरला. दर्यावरून आलेल्या माणसाचे कपडे आमच्याकडे बायका असेच बघतात. मीठ किती बसलंय, कुठल्या मासळीचा वास आहे, डिझेलचा आहे का, यावरून होडी किती लांब गेली होती आणि काय लागलं, ते त्यांना न विचारता कळतं. काकीला लग्नापासून नवऱ्याच्या कपड्यांत मीठ सापडत आलं होतं. या खेपेला सापडलं नाही. लाकडाच्या धुराचा वास होता, रॉकेलचा होता, आणि तळाशी लोकरीचे, हातानं विणलेले, राखाडी पायमोजे होते. अंगातलं जाड जाकीट नव्हतं. "जाकीट कुटं?" तिनं विचारलं. "राहिलं," काका म्हणाले. "आनि ह्ये मोजं कोनी दिलं?" त्यावर ते बाहेर गेले.

एवढंच असतं तर विरून गेलं असतं. पण पुढच्या वर्षी प्रशिक्षण नव्हतं, तरी ते रजेतले दहा दिवस काढून उत्तरेला गेले. "काम आहे," म्हणाले. त्याच्या पुढच्या वर्षीही गेले. गणपती संपले की निघायचे आणि नवे पायमोजे घेऊन यायचे. दारात बसून समुद्राकडे बघत राहायचे, हाक मारली की दचकायचे. मोजणंही थांबलं होतं... स्कूटर जिन्याला घासली तरी ते गप्प उभे राहिलेले मी पाहिलं. मी अबोल मुलगी होते. मोठी माणसं माझ्यासमोर काहीही बोलायची, आणि मी ते जपून ठेवायचे. आमच्या शाळेच्या ग्रंथालयात एक जाड इंग्रजी ज्ञानकोश होता. त्यात मी नौदलाच्या हेलिकॉप्टरांचं प्रकरण काढून वाचलं. जहाजं होती, पाणबुड्या होत्या, पाण्यात सोडलेला तो कानही होता. डोंगर कुठेच नव्हता. मी त्या सुट्टीत काकीला सांगितलं, "पुस्तकात डोंगराचं काहीच नाहीये." तिनं नुसती मान हलवली, हिशेब जुळल्यावर हलवतात तशी.

नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत ते पत्र आलं. निळं अंतर्देशीय, इंग्रजीत, उजवीकडे झुकलेलं अक्षर, आणि शेपटीसारखी खाली लांब ओढलेली जी आणि वाय. काका खाडीकडे गेले होते. काकीनं ते उघडून माझ्यापुढे धरलं. "वाच. आनि जा लिवलाय ता सांग. झाकू नको." मी वाचलं. सहा-सात ओळी होत्या. यंदा तुम्हाला उशीर झाला. ती रोज विचारते, केव्हा येणार. अक्रोड या वर्षी चांगले आलेत, तुमच्यासाठी ठेवलेत. नवे मोजे विणून झालेत. खिंड बंद होण्याआधी या. खाली कोणा मास्तरची सही. मी एकेक वाक्य मराठीत करून सांगितलं. एकही शब्द चुकवला नाही, एकही घातला नाही. शाळेत भाषांतराला मला कायम पैकीच्या पैकी मिळायचे.

काका आले तेव्हा पत्र काकीच्या मांडीवर उघडंच होतं. "कोन ही?" तिनं विचारलं. काकांनी पत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी भिंतीला टेकून उभी होते. मला वाटलं, ते माझ्यावर ओरडतील, नाहीतर हसून काहीतरी सांगतील, आणि ते काहीही बोलले तरी ते खोटं असणार, हे माझं ठरलेलं होतं. ते म्हणाले, "पोरीनं बरोबर वाचलंय." पत्राची घडी घातली, खिशात ठेवली आणि पुन्हा खाडीकडे निघून गेले.

त्यानंतर त्यांचं लग्न मोडलं नाही, टिकलंही नाही. नौदलातून निवृत्त झाल्यावर काकांनी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात आगीच्या बंदोबस्ताचं काम धरलं आणि जवळच्या पाम गावात एक खोली घेतली. काकी दातिवऱ्यालाच राहिली. दर शुक्रवारी, सुटीच्या दिवशी, काका बस बदलत दातिवऱ्याला जायचे, घराची कौलं बघायचे, पंपाचं काय बिघडलं असेल ते दुरुस्त करायचे, ओट्यावर चहा घ्यायचे. आत या, असं काकी म्हणायची नाही. ते उठायचेही नाहीत. कारखान्यातले कामगार त्यांना "नेवी चाचा" म्हणायचे. बोईसरच्या बाजारात मला ते कधी भेटले की मी मान हलवायचे आणि त्यांच्या पिशवीत काय आहे ते बघायचे. एकदा त्यात लोकरीचे गुंडे होते, भडक लाल. मी घरी येऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "जाऊ दे गं." पण तिनं ते बाबांना सांगितलं, आणि बाबांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला.

जाण्याआधी दोन आठवडे ते कॉलनीत आमच्या घरी आले होते. मी एकटीच होते. दाराजवळच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "तू इंग्रजी शिकवतेस ना अजून? एक पत्र लिहायचं होतं. माझं इंग्रजी कामापुरतं. हे जरा... नीट लिहायला हवं." कोणाला, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. आता तिला पत्रंही माझ्याच हातून लिहून घेणार, असं मला वाटलं. सहामाहीचे पेपर आहेत, मी म्हणाले. "हो, हो. घाई काही नाही," ते म्हणाले. पाणी प्यायले आणि गेले. सहामाहीचे पेपर संपून आठ दिवस झाले होते.

काका गेल्याच्या दहाव्या दिवशी दातिवऱ्याला रिक्षानं एक गृहस्थ आले. उंच, पांढऱ्या मिशा, एका पायानं थोडे लंगडत. ते नौदलातले निवृत्त अधिकारी होते, काकांचे पायलट. पेपरातली निधनाची बातमी मुंबईतल्या एका जुन्या सहकाऱ्यानं त्यांना कळवली होती. त्यांना मराठी येत नव्हतं, म्हणून बाबांनी मला पुढे केलं. आम्ही मागच्या अंगणात बसलो. मी चहा दिला आणि त्यांची मनात तपासणी चालू केली. घड्याळ, बूट, नजर. मित्राची बाजू सावरायला आलेत, हे मी धरून चालले होते. त्यामुळे मी हिंदीत सरळच विचारलं, "ती बाई कोण होती?"

"कौन सी बाई?" ते खरोखर गोंधळले. मग म्हणाले, "अच्छा, वो बुढ़िया? उसने आपको कुछ नहीं बताया?" आणि पुढचं त्यांनी इंग्रजीत, खाली बघत, एखादा अहवाल द्यावा तसं सांगितलं.

प्रशिक्षणाच्या तिसऱ्या आठवड्यात डोंगरात दरड कोसळली. रस्त्याचं काम करणारे तीन स्थानिक मजूर एका कड्यावर अडकले होते, तिघंही जखमी. जवळ यांचंच मशीन होतं. त्या उंचीवर दोघांहून जास्त माणसं उचलली तर मशीन हवेत टिकणार नाही, हे हिशेबानं आधीच स्पष्ट होतं. पण कोण दोघं, हे ठरवायला पायलटला खालचं दिसत नव्हतं. दाराशी वसंत होता. त्यानं दोघांना वर घेतलं, ज्यांचं जास्त रक्त जात होतं त्यांना. तिसरा त्यातल्या त्यात बरा दिसत होता, शुद्धीवर होता, वर बघून हात हलवत होता. वसंतनं अंगातलं जाकीट काढून खाली टाकलं आणि हातानं खूण केली, परत येतो. "मी त्याला विचारलं, तिसरा घ्यायचा का? मशीन थरथरत होतं. तो म्हणाला, नाही. निघा." ते दोघांना पोचवून वळेपर्यंत ढग खाली आले. त्या दिवशी तीनदा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवशी दोनदा. तिसऱ्या दिवशी सकाळी पोचले, तेव्हा तो माणूस जाकीट अंगात घालून बसल्या जागी थंड झालेला होता.

"चौकशी झाली. त्याचा निर्णय अचूक होता, असं कागदावर आहे. तिसऱ्याला घेतलं असतं तर मी आज तुमच्याशी बोलत नसतो. हे मी त्याला किती वेळा सांगितलं. तो म्हणायचा, सर, आमच्या गावात असं करत नाहीत."

त्या माणसाची आई एकटी होती. काका रजा घेऊन तिला सांगायला गेले. आपण कोण, आपण काय केलं, सगळं. ती आत गेली म्हणे आणि मुलासाठी विणलेले मोजे आणून त्यांच्यापुढे ठेवले. मग ते दर वर्षी जात राहिले. तिची पत्रं गावचा मास्तर लिहायचा. यंदा तीही गेली.

हे सगळं ऐकूनही मी लगेच विश्वास ठेवला नाही. दोन सहकारी असे किस्से जुळवू शकतात, असं मला वाटत होतं. ते बहुधा साहेबांना दिसलं. त्यांनी खिशातून एक पत्र काढलं. म्हातारी गेल्यावर मास्तरनं त्यांनाही कळवलं होतं. मी मजकूर वाचलाच नाही. झुकलेलं अक्षर पाहिलं, खाली लांब ओढलेली जी आणि वाय पाहिली, आणि कागद परत दिला. काकांना माझ्याकडून लिहून हवं होतं ते बहुतेक या मास्तरला उत्तर होतं. बहुतेक. आता ते कळायला मार्ग नाही.

साहेब गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वनिताला सांगू नको." वनिता म्हणजे काकी. त्यांचं कारण मला माहीत होतं, गावात सगळ्यांना माहीत आहे. काकीचा भाऊ दामू तिच्या लग्नाआधी वादळात होडीतून पडला होता. बाकीची माणसं वाचावीत म्हणून होडी चालवणाऱ्या तांडेलानं ती फिरवली आणि दामूला दर्यात सोडून बंदर गाठलं. दामू सापडला नाही. त्या तांडेलाचं घर काकीच्या माहेरच्या आळीतच आहे. इतकी वर्षं झाली, काकी त्या घरावरून जात नाही, लांबून वळसा घेते. त्या घरच्या लग्नाचा नारळही तिनं कधी घेतला नाही. अशा बाईला नवरा काय सांगणार होता? की मीही एकाला सोडून आलो? दुसरी बाई परवडली, असं काकांनी ठरवलं असणार. त्या ठरवण्यात मी त्यांना मदत केली, चोख भाषांतर करून. बाबा म्हणाले, "आत्ता ती त्याच्यासाठी रडते तरी आहे. हे कळलं तर तेही थांबेल. मेलेल्या माणसाला पुन्हा कशाला मारायचं?"

मी तीन आठवडे गप्प राहिले. मला ते सोपं जातं. पण शाळेत फळ्यावर लिहिताना मध्येच खडू थांबायचा. एका माणसानं बारा वर्षं एका म्हातारीसमोर जाऊन तोंड दाखवलं, आणि आमच्याकडे त्याचं नाव लबाड म्हणून चालू राहणार, तेही माझ्या साक्षीनं. काकी त्याला जास्त तोडेल की जवळ करेल, हे मला कळत नव्हतं. पण ते ठरवण्याचा हक्क तिचा होता, बाबांचा नाही आणि माझा तर मुळीच नाही.

महिना भरला त्या दिवशी मी सकाळच्या पहिल्या एस.टी.नं दातिवऱ्याला गेले. काकांच्या नावाचं पान वाढायचं होतं. काकी चुलीपाशी पापलेटाला हळद-मीठ लावत होती. मी पाटावर बसले आणि सांगायला लागले. या वेळीही काही घातलं नाही, काही झाकलं नाही. दोघं वर घेतले, तिसरा राहिला, हे सांगितलं तेव्हा तिचा हात थांबला. मी पुढे बोलत राहिले.

"तो वर बगत व्हता?" तिनं विचारलं.

"हो. हात हलवत होता."

"दामूनं पन हलवला आसंल." तिनं हात धुतले, पदराला पुसले. चेहऱ्यावरून मला काहीच वाचता येईना. मला वाटलं, संपलं, बाबा बरोबर होते. मग ती म्हणाली, "आनि ह्यो त्याच्या आयकडं गेला? सोताहून?"

"दर वर्षी."

"आनि तिला सांगतला, मी सोडला म्हनून?"

"पहिल्याच वर्षी."

"आमच्याकडं कोनी नाय आला," काकी म्हणाली. "तांडेल गावातच व्हता. माजी आय दारात बसायची, का येल, काय तरी बोलल. नाय आला." तिनं चुलीतलं लाकूड मागे ओढलं. "बाय आसती तर बरा झाला आसता गो. मी मस भांडली आसती." मग स्वतःशीच, "त्याला आत नाय घेतला मी. चा बाहेर दिला."

मी म्हणाले, "काकी, पत्र मी वाचलं होतं."

"तू वाचलास. मी उगडला." तिनं विषय तिथेच तोडला.

हे सगळं पेपरच्या पुरवणीत लिहू का, असं मी तिला नंतर विचारलं. ती म्हणाली, "लिव. गावाला पन वाचू दे. फुकट बघत व्हते एस.टी.कडं."

त्या दिवशी पान वाढायच्या वेळी तिनं केळीचं एक पान मांडलं आणि थांबली. मग मागे जाऊन दुसरं कापून आणलं, धुतलं, पहिल्याच्या शेजारी ठेवलं. "नाव काय व्हता त्याचा?"

मला माहीत नव्हतं. त्या साहेबांना मी बाई कोण ते विचारलं, अक्षर तपासलं, तारखा जुळतात का ते मनात बघितलं. त्या माणसाचं नाव विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"येवरी शिकलीस नि नाव नाय इचारलास?" काकी म्हणाली. रागानं नाही, पण मला लागलं ते. तिनं दोन्ही पानांवर भात वाढला. पहिल्यावर पापलेट ठेवलं. दुसऱ्यावर ठेवायला हात नेला आणि मागे घेतला.

"डोंगरातला मानूस," ती म्हणाली. "मासली खाल काय तो? टोपलीत बटाटे हायत बग. दोन काप."

मी विळी घेतली आणि बटाटा चिरायला बसले. ती माझ्या हाताकडे बघत होती.

"बारीक नको करू," ती म्हणाली. "लांबनं आलेला हाय. पोटभर होव दे."